कासव दिसलं नाही, तरी पाहुणा परत यावा

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातलं वेळास हे नाना फडणवीसांचं मूळ गाव. आज मात्र लोक तिथे जातात ते ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे धावताना पाहायला. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने २००२ साली इथल्या अंड्यांची राखण सुरू केली. पुढे कासव महोत्सव भरू लागला, आणि गावात हॉटेलं नसल्यामुळे पाहुण्यांसाठी घरांचीच दारं उघडली.

या व्यवसायाची गंमत अशी, की ज्यासाठी पाहुणा येतो ते यजमानाच्या हातात नसतं. वाळूच्या उष्म्यानुसार अंडी उबायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. नेमकी शनिवारी-रविवारीच पिल्लं निघतील, असं अंडी राखणारे कासवमित्रही छातीठोकपणे सांगू शकत नाहीत. ‘या हो, नक्की दिसतील’ असं सांगून खोल्या भरल्या, तर पिल्लं न दिसल्याने हिरमुसलेला पाहुणा सगळा राग घरावर काढतो. फोनवरच ‘दिसतील किंवा नाहीही’ असं सांगणाऱ्या घराला तो पुढच्या वर्षी पुन्हा फोन करतो.

हाच खरेपणा सोयींबाबतही लागतो. गाद्या जमिनीवर आहेत का, संडास सामाईक आहे का, वीज गेली तर पंखा चालतो का, एप्रिलमध्ये विहिरीचं पाणी किती खाली जातं, हे आधीच सांगितलेलं बरं. खाऱ्या दमट हवेत अंथरुणांना वास लागतो. त्यांना रोज ऊन दाखवणारं घर पाहुण्याला पहिल्या रात्रीच कळतं.

न्याहारीत पदार्थांइतकीच वेळ महत्त्वाची. पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी समुद्रात सोडतात. म्हणून निघण्याआधी फक्त चहा आणि परतल्यावर पोटभर खाणं, हा क्रम सोयीचा. घावणे करून ठेवता येत नाहीत, थंड झाले की चिवट होतात; ते बिडाच्या तव्यावरून थेट ताटात पडायला हवेत. पाहुणे दहा-बारा असले तर एक तवा पुरत नाही. अशा वेळी दुसरा तवा चढवावा, नाहीतर मऊभात-मेतकूट करावं. लहान मुलं आणि म्हातारी माणसं तेच आनंदाने खातात.

केंद्र सरकारच्या निवास-न्याहारी योजनेत एक ते सहा खोल्यांना मान्यता मिळते आणि मालकाचं कुटुंब त्याच घरात राहणं बंधनकारक असतं. यजमान घरात असणं हाच या धंद्याचा पाया. परदेशी पाहुणा उतरला, तर २४ तासांत त्याची माहिती परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला कळवावी लागते. ओळखपत्र आल्या आल्या मागितलं, तर जेवताना तो अवघड विषय निघत नाही.

मे सरला की कासवांचा हंगाम संपतो. तेव्हा कामी येते ती पाहुण्यांच्या नोंदींची वही: कोणाला तिखट चालत नाही, कोणाच्या आजोबांना उंच पलंग लागतो, कोणाचा बाणकोटचा किल्ला पाहायचा राहून गेला. त्याच नोंदींवरून पावसाळ्याआधी जुन्या पाहुण्यांना निरोप जातो. वेसवीहून फेरीबोटीने सावित्री ओलांडून बागमांडल्याला उतरलं की हरिहरेश्वर जवळच आहे, हेही त्यात लिहिलेलं असतं.