लाख क्युसेकचा पूर एका क्युसेकमध्ये

पावसाळ्यात पुणेकरांच्या तोंडी क्युसेक हा शब्द सहज येतो. खडकवासल्यातून इतके हजार क्युसेक सोडले अशी बातमी आली, की मुठेवरचा भिडे पूल पाण्याखाली जाणार हे लहान मुलंही सांगतात. त्याच खडकवासला धरणाच्या पायथ्याशी, सिंहगड रस्त्याला लागून, देशभरातल्या पुरांचा हिशोब मांडणारी एक संस्था शतकाहून अधिक काळ काम करते आहे. चौपाटीवर कणीस खायला निघालेल्या गाड्या तिच्या कुंपणावरून रोज जातात, पण आत काय चालतं हे पुण्यातही फारच थोड्यांना ठाऊक आहे. कागदोपत्री तिचं नाव केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र. बोलताना सगळे 'सीडब्ल्यूपीआरएस' म्हणतात.

तिथे धरणं, बंदरं, नद्या, पूल आणि खाड्या यांच्या प्रतिकृती बांधतात आणि त्यांतून खरं पाणी सोडतात. एखाद्या धरणाचा सांडवा नियोजित पूर झेलेल का, पाण्याच्या मार्‍याने खालचा खडक उखडेल का, बंदराच्या तोंडाशी गाळ साचेल का, हे काँक्रीट ओतण्याआधीच पाण्याला विचारायचं, अशी ही पद्धत आहे. मला या संस्थेचं सर्वांत मोठं काम हेच वाटतं. नदी काय करेल याचा अंदाज टेबलावर बसून बांधायचा नाही, तिच्याच पाण्याकडून उत्तर घ्यायचं, ही शिस्त तिने आपल्या अभियंत्यांना लावली.

सुरुवात मात्र नद्यांपासून झाली नाही. १९१६ मध्ये मुंबई इलाख्याच्या सरकारने सिंचनाचा एक विशेष विभाग काढला तो शेतीपायी. नीरा आणि मुठा कालव्यांमुळे दख्खनच्या दुष्काळी पट्ट्यात ऊस आला आणि उसापाठोपाठ जमिनी पाणथळ आणि खारवट होऊ लागल्या. पाणी किती द्यायचं, ते मोजायचं कसं, निचरा कसा करायचा, असे अगदी जमिनीवरचे प्रश्न होते. त्या कामावर क्लॉड इंग्लिस नावाचा आयरिश अभियंता होता. कालव्याचं पाणी मोजायचं तर प्रवाह आधी समजला पाहिजे, आणि तो समजायचा तर छोटा प्रवाह करून पाहिला पाहिजे, हे इंग्लिसने ओळखलं. कालव्यातलं पाणी मोजायच्या फ्लूमवरचा त्याचा निबंध १९२८चा आहे. पुढे प्रयोगांचा पसारा वाढला आणि खडकवासल्याची जागा सोयीची ठरली, कारण धरणाचं पाणी तिथे उतारानेच मिळतं. याच धरणावर विश्वेश्वरय्यांनी १९०३ मध्ये आपले स्वयंचलित दरवाजे पहिल्यांदा बसवले होते. पाण्याशी प्रयोग करण्याची परंपरा त्या परिसरात आधीपासून होती असं म्हणायला हरकत नाही. १९३०च्या दशकात केंद्र सरकारने संस्था आपल्याकडे घेतली.

आता प्रतिकृतीचं गणित, कारण सगळी गंमत त्यात आहे. समजा धरणाची प्रतिकृती शंभरपट लहान केली. मग पाणीही शंभरपट कमी सोडायचं का? नाही. उघड्या प्रवाहावर राज्य असतं गुरुत्वाकर्षणाचं, आणि ते प्रतिकृतीसाठी कमी करता येत नाही. एकोणिसाव्या शतकात विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने जहाजांच्या छोट्या नमुन्यांवर काम करताना यातून वाट काढली. लांबी शंभर पटींनी घटवली, तर वेग शंभराच्या वर्गमुळाने, म्हणजे दहा पटींनी घटवायचा. प्रवाहाचा छेद रुंदी गुणिले खोली, म्हणून तो दहा हजार पटींनी घटतो. त्याला वेगाच्या दहाने गुणलं की एक लाख होतात. थोडक्यात, १ लाख क्युसेकचा महापूर अशा प्रतिकृतीत बरोबर १ क्युसेकचा होतो, म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. मुठेला ४० हजार क्युसेक सोडले की पुण्याच्या नदीकाठची झोप उडते. प्रतिकृतीत तेवढ्यासाठी सेकंदाला ११ लिटर, एक बादलीही भरत नाही इतकं पाणी पुरतं. वेळही दहा पटींनी आकसतो. दहा तासांचा पूर एका तासात उरकतो.

पण हा पूर नेमका मोजावा लागतो. पाणी प्रतिकृतीत शिरण्याआधी एका धारदार कडेच्या बंधार्‍यावरून जातं आणि त्यावरची पाण्याची उंची पाहून विसर्ग ठरवतात. पातळी मोजायला पॉइंट गेज असतो. ही एक उभी दांडी, तिच्या खाली सुईसारखं टोक. टोक हळूहळू खाली आणायचं. पाण्यात त्याचं प्रतिबिंब वर येत असतं. टोक आणि प्रतिबिंब ज्या क्षणी भेटतात तिथे थांबायचं आणि व्हर्नियर मोजपट्टीवर आकडा वाचायचा, मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत. शंभरपट लहान प्रतिकृतीत तो दहावा भाग म्हणजे प्रत्यक्षात एक सेंटिमीटर. हात जरासा घाईत चालला तर धरणाच्या माथ्याची उंची चुकीची निघू शकते. नदीचा तळ उठवणं हेही गवंड्याचं कसब आहे. सर्वेक्षणात नदीचे जे आडवे छेद मिळतात त्यांच्या आकाराच्या पट्ट्या कापून ठरावीक अंतरावर उभ्या करतात, मधली जागा भरून सिमेंटने गिलावा करतात, आणि तळाचा खडबडीतपणा खर्‍या नदीशी जुळेपर्यंत खडी चिकटवत राहतात. आधी होऊन गेलेला एखादा नोंदलेला पूर सोडून पाहायचा. जुन्या पातळ्या जशाच्या तशा आल्या, तरच त्या प्रतिकृतीला पुढचा प्रश्न विचारायचा अधिकार. ही अट मला फार मोलाची वाटते.

नदी मोठी असली की अडचण वाढते. एक किलोमीटर रुंद आणि पाच मीटर खोल नदी पाचशेपट लहान केली, तर रुंदी दोन मीटर राहते आणि खोली अवघी एक सेंटिमीटर. इतका पातळ थर नदीसारखा वाहतच नाही, त्यात चिकटपणाचंच चालतं. म्हणून उंची वेगळ्या प्रमाणात धरतात, समजा पन्नासपट लहान. मग खोली दहा सेंटिमीटर मिळते, पण काठ आणि उतार दहापट तीव्र होतात, आणि निष्कर्ष काढताना ही विकृती सतत लक्षात ठेवावी लागते. खाड्यांच्या प्रतिकृतीत याचा एक फायदाही होतो. आडवं प्रमाण ४०० आणि उभं १०० घेतलं, तर काळ चाळीस पटींनी आकसतो. १२ तास २५ मिनिटांची एक भरती-ओहोटी साडेअठरा मिनिटांत होते. वर्षभराच्या भरत्या नऊ-दहा दिवसांत पाहून होतात.

वाळूचं मात्र तसं नाही. वाळूचा कण शंभरपट लहान केला की त्याची वाळू राहत नाही. चिकट माती होते आणि वेगळीच वागते. म्हणून तळासाठी कोळशाच्या भुकटीसारखे हलके पदार्थ वापरतात. हवेचे बुडबुडेही लहान होत नाहीत, त्यामुळे वेगवान सांडव्यात खरं पाणी किती हवा ओढेल हे प्रतिकृती कमीच दाखवते. या मर्यादा तिथले जाणकार आधी सांगतात आणि निकाल नंतर.

प्रतिकृतीचा शब्द किती वजनदार ठरू शकतो, याचं मोठं उदाहरण सिंधमधलं आहे. सिंधू नदीवरचं सक्करचं बॅरेज १९३२ मध्ये सुरू झालं. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होतं, म्हणून तिथला प्रश्न पुण्याला आला. उजव्या काठाच्या कालव्यांत जाड वाळू शिरत होती आणि ते भरत चालले होते. नदी वळते तेव्हा वरचं वेगवान पाणी बाहेरच्या काठाकडे फेकलं जातं आणि तळाचं, वाळूने लदलेलं पाणी आतल्या काठाकडे सरकतं. कालव्याचं तोंड बाहेरच्या बाजूला आलं तर स्वच्छ पाणी, आतल्या बाजूला आलं तर वाळू. इंग्लिसने प्रतिकृतीवर उपाय शोधला: नदीतच एक लांब बेट-भिंत घालून उजव्या काठाजवळच्या पाण्याला वेगळी, वळणदार वाट द्यायची. वाळू हटली. पण त्यापायी ६६ गाळ्यांपैकी १० कायमचे बंद झाले आणि बॅरेजची पूर पेलण्याची क्षमता १५ लाख क्युसेकवरून ९ लाखांवर आली. २०१०च्या महापुरात ९ लाखांहून अधिक पाणी तिथून गेलं. तो निर्णय योग्य होता असं मला वाटतं, कारण कालवे मेले असते तर सिंधची शेती मेली असती. पण नदीत काही मिळवलं की काही द्यावं लागतं, आणि काय दिलं याची नोंद पुढच्या पिढ्यांसाठी ठेवावी लागते.

दुसरं उदाहरण आपल्या रोजच्या पायाखालचं आहे. पुराच्या वेळी पुलाच्या खांबाभोवती तळ खरवडला जातो. पाया तिथवर पोचला नाही तर पूल जातो. किती खोल खरवडलं जाईल? इंग्लिसने देशातल्या १७ पुलांची मोजमापं तपासली आणि निष्कर्ष काढला, की पुराच्या पातळीपासून मोजलं तर लेसी या अभियंत्याच्या सूत्राने येणार्‍या खोलीच्या साधारण दुप्पट. आजही इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात खांबांसाठी तोच दुपटीचा आकडा आहे. आपल्याकडच्या असंख्य पुलांचे पाये किती खाली जातात, हे ठरवण्यात खडकवासल्याच्या कामाचा वाटा आहे.

इंग्लिसने आपलं सगळं काम १९४९ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केलं. नद्या आणि कालव्यांच्या वर्तनावरचा हा ग्रंथ जगभरच्या अभियंत्यांनी वापरला आणि तो छापला गेला येरवडा कारागृहाच्या छापखान्यात. इंग्लिस भारतातून परतल्यावर ब्रिटनच्या हायड्रॉलिक्स संशोधन संस्थेचा पहिला संचालक झाला. पुण्यात शिकलेली विद्या तिकडे गेली असं म्हटलं तर अतिशयोक्ती नाही. इथे डी. व्ही. जोगळेकर यांनी नद्यांचं वर्तन आणि नियंत्रण यांवरची मार्गदर्शिका संपादित केली. ती १९५६ची, नदीकाठी काम करणार्‍या अभियंत्यांच्या पिढ्या तिच्यावर वाढल्या.

स्वातंत्र्यानंतर कामाची व्याप्ती प्रचंड वाढली. कोसीसारखी पात्र बदलत राहणारी नदी, हुगळीचा गाळ, मोठ्या धरणांचे सांडवे, बंदरांचे लाटारोधक बांध, हे सगळं इथे प्रतिकृतीरूपात उभं राहिलं. लाटा निर्माण करणारी यंत्रं, भूकंपाचे धक्के देणारं टेबल, पाण्याचा वेग मोजणारे पंखे तपासण्यासाठी लांब हौद, अशा सोयी एकाच आवारात आल्या. संगणकावरची गणिती प्रतिमानंही गेल्या काही दशकांत आली आणि त्यांनी बरंच काम हलकं केलं. मोठ्या पट्ट्यातला पूर संगणक पटकन दाखवतो. पण सांडव्याखाली उसळणारं पाणी, खांबाभोवतीचा भोवरा, तळातली वाळू, इथे तो अजून अडखळतो. म्हणून दोन्ही पद्धती एकमेकींना तपासतात, आणि तसंच चाललं पाहिजे.

ही मोजणी आपल्या शहरांनाही हवी आहे. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरने पूर भोगला. आपली शहरं नदीकाठी भिंती, घाट, रस्ते, पूल बांधतच आहेत. पात्र दहा मीटरने आवळलं तर वरच्या वस्तीत पाणी किती चढेल, हा प्रश्न मोजून सोडवता येतो आणि तो सोडवणारी माणसं, हौद आणि अनुभव पुण्याच्या वेशीवर आहेत. नदीत हात घालणार्‍या प्रत्येक नगरपालिकेने आणि महापालिकेने आधी असा अभ्यास करून घ्यावा, आणि त्या अहवालाचा मराठी सारांश, मर्यादांसकट, काठावर राहणार्‍या लोकांना वाचायला द्यावा. आपल्या गावात असं काम निघालं तर पहिल्याच सभेत तो सारांश मागा.