अर्थमध्ये हरवलेला व्होल्ट
जुन्या बोलेरो पिकअपचे हेडलाइट मंदावले, ब्रेक दाबताच इंडिकेटरही लुकलुकू लागला, की ‘वायरिंग गेली’ असा निकाल लागतो. मग पुरा हार्नेस बदलायचा किंवा बॅटरीपासून डायरेक्ट वायर ओढायची, एवढेच मार्ग सुचतात. मला दोन्ही घाईचे वाटतात. उंदराने कुरतडलेला किंवा चासीच्या कडेला घासलेला तुकडा सोडला, तर तांबे सहसा मधोमध खराब होत नाही; खराब होतात ती टोके: कपलर, लग आणि अर्थचा बोल्ट. करंट परत येतो तो चासीच्या पत्र्यातून, आणि मासळीच्या बर्फाचे खारट पाणी ठिबकणाऱ्या गाडीत तो बोल्ट आधी गंजतो. मागच्या दिव्याचा अर्थ तुटला की ब्रेकचा करंट शेजारच्या बल्बमधून वाट काढतो. इंडिकेटर लुकलुकतो तो त्यामुळे.

हिशेब साधा आहे. 60 वॅटचे दोन बल्ब 12 व्होल्टवर 10 अँपिअर ओढतात. वाटेतल्या गंजलेल्या जोडाचा रोध अवघा 0.1 ओहम असला, तरी एक व्होल्ट तिथेच खर्ची पडतो. उजेड जवळपास पाव हिश्शाने घटतो आणि जोडात सुमारे नऊ-दहा वॅट उष्णता साठून टेप वितळते. मल्टिमीटरचा बझर मात्र अशा जोडावरही खुशाल वाजतो. म्हणून दिवे चालू ठेवूनच मोजायला हवे: एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरे बल्बच्या अर्थवर. काटा शून्याजवळ नसेल, तर दोष अर्थच्या वाटेवर आहे.

रात्री भाजी घेऊन वाशीला निघायचे असताना मोजत कोण बसणार, हा आक्षेप खरा आहे. पण ही मोजणी काही मिनिटांची. हार्नेस उतरवायला दिवस जातो, आणि अर्थचा बोल्ट गंजकाच राहिला तर नव्या हार्नेसनेही उजेड वाढत नाही. वाकवताच इन्सुलेशन तडकत असेल, तर मात्र हार्नेस बदललाच पाहिजे. तिथे काटकसर म्हणजे आगीला आमंत्रण. एरवी चकचकीत तांबे लागेपर्यंत कापावे, त्याच जाडीचा तुकडा क्रिंप करून हीट श्रिंक चढवावी. नुसते सोल्डर नको, कारण ते तारांत मुरून ताठ होते आणि धक्क्यांनी त्याच्या कडेला वायर तुटते. डायरेक्ट वायर टाकावीच लागली, तर बॅटरीलगत फ्यूज हवा, तोही त्या वायरला झेपेल तेवढाच. 15 चा उडतो म्हणून 30 चा बसवला, तर शॉर्ट होताच फ्यूजआधी वायर वितळू शकते.