जवस, तर्री आणि हृदय

नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांच्या घरांतून सावजी रस्सा बाहेर पडला. जुन्या पद्धतीत तो जवसाच्या तेलात होई. आता हेच तेल ‘भरपूर अँटिऑक्सिडंट, हृदयाचे रक्षक’ म्हणून बाटलीत विकले जाते. त्यातले किती खरे?

पहिला गैरसमज असा, की जवसाचे तेल ऑक्सिडेशन थोपवते. उलट खाद्यतेलांत ते फार लवकर खवट होते. त्यात साधारण निम्मे अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे वनस्पतीजन्य ओमेगा-3 असते आणि हवेतला प्राणवायू त्यालाच आधी धरतो. हवेत वाळून घट्ट होते म्हणून तर हे तेल रंगांत, वॉर्निशमध्ये आणि लिनोलियममध्ये गेले! नागपुरात 1942 साली सुरू झालेल्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत तेले आणि रंग दोन्ही शिकवतात. तिथल्या विद्यार्थ्याला याचे नवल वाटणार नाही.

जवसातले लिग्नन हे अँटिऑक्सिडंट मुख्यतः बियांच्या टरफलात असते, तेलात नाममात्रच उतरते. म्हणजे विदर्भातली जवसाची चटणी इथे तेलावर मात करते. मात्र बी कुटलेले हवे. अख्खे गिळले तर बरेचसे न पचताच बाहेर पडते.

दुसरा समज जास्त महागात पडणारा आहे. रक्तवाहिनीच्या भिंतीत अडकलेल्या एलडीएल कोलेस्टेरॉलचे ऑक्सिडेशन झाले की तिथे चरबीचा थर वाढतो, हे खरे. त्यावरून ‘ई’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या हृदय वाचवतील, अशी आशा धरली गेली. ‘होप’ चाचणीत साडेनऊ हजारांवर लोकांनी सुमारे साडेचार वर्षे रोज 400 युनिट ‘ई’ जीवनसत्त्व किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी घेतली. 2000 साली निष्कर्ष आला: हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. फिनलंडमध्ये तर धूम्रपान करणाऱ्यांना बीटा-कॅरोटीन दिल्यावर फुप्फुसाचा कर्करोग वाढल्याचे 1994 मध्ये दिसले.

तेलातले ‘ई’ जीवनसत्त्व आधी तेलालाच सांभाळते. हृदयाला खरा फायदा होतो तो वनस्पती तूप, लोणी यांच्या जागी करडई, शेंगदाणा, तीळ किंवा राइस ब्रान तेल आले तर. जागी, जोडीला नव्हे.

आणि घाण्याचे तेल कितीही तापवले तरी चालते? नाही. कच्चे जवस तेल सव्वाशे अंशांच्या आतच धुरावते, फोडणी त्याहून गरम असते. तळणाच्या तेलात तापून खराब होताना बनणारे ध्रुवीय घटक 25 टक्क्यांपुढे गेले तर ते वापरू नये, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम जुलै 2018 पासून लागू आहे. तर्री-पोह्यांच्या गाडीवर हे कोण मोजणार, हा प्रश्न वेगळा.

जवसाचे तेल घ्यायचेच तर छोट्या, गडद बाटलीत घ्या, थंड जागी ठेवा, वरून कच्चे घाला आणि खवट वास येताच टाकून द्या. कोलेस्टेरॉलची गोळी सुरू असेल तर तेलाच्या भरवशावर ती बंद करू नका. आधी डॉक्टरांना विचारा.