खेळ आणि लोकमान्यता (लेखांक ९) : कर्णधारपदाचा प्रश्न

रॉबर्टो क्लेमेंटेला बेसबॉल-जगताने वाहिलेल्या मानवंदनांपैकी सर्वांत मोठी कोणती, या गेल्या लेखांकात शिल्लक राहिलेल्या प्रश्नाचे उत्तर कूपरस्टाउनच्या कीर्तिमंदिराच्या एका नियमात सापडते. खेळाडूच्या निवृत्तीनंतर पाच वर्षे लोटल्याखेरीज तेथे त्याच्या नावाचा विचार होत नसे. परंतु निकाराग्वातील भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेले विमान ३१ डिसेंबर १९७२ रोजी समुद्रात कोसळून क्लेमेंटे मृत्यू पावला आणि १९७३ मध्येच विशेष मतदान घेऊन त्याची निवड करण्यात आली. त्याचे ३००० 'हिट', म्हणजे चेंडू टोलवून किमान पहिला तळ सुखरूप गाठण्याचे प्रसंग, पाच वर्षांनीही तेवढेच राहिले असते. संस्थेने त्याच्यासाठी स्वतःचा नियम बाजूस ठेवला, हे महत्त्वाचे.

क्लेमेंटेच्या फेकीचे तंत्र या आठवड्यात यावयाचे होते. पण आपल्या सीमाभागाशी नाते सांगणारा असा कोणी खेळाडू झाला काय, अशी पृच्छा दुबलगुंडीच्या एका वाचकाने केली असल्याने ते पुढे ढकलणे उचित ठरते.

या संदर्भात पहिले नाव धारवाडात जन्मलेल्या क्रिकेटपटू पळवणकर बाळूंचे घ्यावे लागते. मदतकार्याचा क्लेमेंटेसारखा इतिहास त्यांच्यामागे नाही, परंतु माणुसकीचा प्रश्न त्यांच्याइतक्या तीव्रतेने क्वचितच दुसऱ्या कोणाच्या खेळातून पुढे आला असेल. चर्मकार कुटुंबातील हा डावखुरा मंदगती गोलंदाज पुण्यातील युरोपियनांच्या जिमखान्यात खेळपट्टीवर रोलर फिरवी, जाळी लावी आणि साहेबांना सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकी. फलंदाजी हा मात्र साहेबांचा अधिकार मानला जाई. पुढे पुण्याच्या हिंदूंनी त्यांना संघात घेतले, तेव्हा बाळूंच्या हातचा चेंडू सवर्ण खेळाडू निःसंकोच झेलत असत, पण चहाच्या वेळी तेच बाळू मंडपाबाहेर उभे असत आणि त्यांचा चहा वापरून फेकून द्यावयाच्या मातीच्या भांड्यात येई. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. गौरव झाला, सत्कार झाले, मात्र मुंबईच्या चौरंगी सामन्यांत, म्हणजे युरोपियन, पारशी, हिंदू व मुस्लिम संघांच्या वार्षिक स्पर्धेत, हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्या वाट्यास कधीच आले नाही. क्लेमेंटेसाठी लिखित नियम बाजूस सारला गेला. येथे नियम लिखितही नव्हता, तरीही तो कोणी ओलांडीना, आणि म्हणून त्या हारतुऱ्यांचे मोल कमी धरावे लागते.

१९२० साली बाळूंना संघातून वगळण्यात आले. कर्णधारपदाबाबतच्या अन्यायाविरुद्ध त्यांचे बंधू विठ्ठल व शिवराम यांनी निषेध म्हणून माघार घेतली, तेव्हा निवडकर्त्यांना पुनर्विचार करावा लागला. बाळू उपकर्णधार म्हणून परतले आणि कर्णधार पै काही काळ मुद्दाम मैदानाबाहेर गेल्याने संघाची सूत्रे प्रत्यक्ष त्यांच्या हाती आली. एवढ्यावरच त्यांना समाधान मानावे लागले.

पुढे पुणे कराराच्या स्वाक्षऱ्यांत त्यांचे नाव आले आणि १९३७ मध्ये काँग्रेसतर्फे ते खुद्द डॉ. आंबेडकरांविरुद्ध निवडणूक लढले व हरले. त्या गुंतागुंतीसाठी स्वतंत्र लेखांक लागेल. कर्णधारपद अखेर विठ्ठल यांना मिळाले, आणि १९२३ साली त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली.