मंदिरप्रवेशाचा प्रश्न आणि स्त्रीवाद

स्त्रीवादाचा इतिहास आपण बहुधा पाश्चात्त्य मताधिकार चळवळीपासून शिकवितो. वस्तुतः २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या सत्याग्रहात दलित स्त्रियाही होत्या. आंबेडकरी चळवळीतील अशा स्त्रियांचे कर्तृत्व उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी ग्रंथरूपात मांडले, तेही १९८९ मध्ये!

जात आणि लिंगभाव यांची स्वतंत्र प्रकरणे करणे प्रस्तुत लेखिकेस अपुरे वाटते. सर्व वर्गांतील हिंदूंना सार्वजनिक पूजास्थाने खुली करणारा कायदा १९५६ मध्ये झाला, तो प्रामुख्याने अस्पृश्यतेच्या संदर्भात. शनिशिंगणापूरबाबत विद्या बाळ व नीलिमा वर्तक यांनी केलेल्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१६ मध्ये याच कायद्याच्या अंमलबजावणीचा आदेश शासनास दिला. त्याच महिन्यात त्र्यंबकेश्वराच्या गाभाऱ्यात स्त्रियांनी प्रवेश केला.