गोळीचे वजन : प्रक्रियेची क्षमता आणि प्रत्यक्ष कामगिरी

निगडी, आकुर्डी, प्राधिकरण या परिसरात चिकित्सा करणाऱ्या वैद्यांच्या रुग्णांत वाहन-उद्योगातील कामगार व पर्यवेक्षक मोठ्या संख्येने असतात. पिंपरीतील टाटा मोटर्स, चाकणमधील बजाज ऑटो यांसारख्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लघुउद्योगांत ‘सीपीके किती?’ हा प्रश्न नित्याचा आहे. दिवसभर शाफ्टचा व्यास मायक्रॉनमध्ये मोजणारा हा रुग्ण सायंकाळी आपल्याकडून त्रिभुवनकीर्तीच्या गोळ्या नेतो. त्या गोळीच्या वजनाचा सीपीके त्याने विचारला, तर आपल्यापैकी किती जणांजवळ उत्तर असेल?

त्रिभुवनकीर्तीचे उदाहरण आम्ही हेतुपुरस्सर घेतले आहे. तीत वत्सनाभ व हिंगूळ आहेत आणि ही दोन्ही द्रव्ये शेड्यूल ई-१ मधील विषद्रव्यांच्या यादीत येतात. अशा कल्पात गोळीचे वजन म्हणजेच मात्रा होय.

येथे अनेक औषधनिर्माते म्हणतील की, आमचा प्रत्येक घाणा वजनाच्या चाचणीत उत्तीर्ण होतो. ही चाचणी नेमके काय पाहते, हे समजून घेतले पाहिजे. भारतीय औषधकोशाच्या पद्धतीनुसार वीस गोळ्या एकेक करून तोलतात व त्यांची सरासरी काढतात. ८० ते २५० मिलिग्रॅम या गटातील गोळ्यांपैकी दोनपेक्षा अधिक गोळ्या त्या सरासरीपासून ७.५ टक्क्यांहून दूर असू नयेत व एकही गोळी १५ टक्क्यांहून दूर असू नये, असा नियम आहे. तुलना होते ती त्याच वीस गोळ्यांच्या सरासरीशी. लेबलावरील वजनाशी नव्हे. संपूर्ण घाणाच जड झाला असेल, तर ही चाचणी त्याविषयी मौन पाळते.

समजा, १२५ मिलिग्रॅमच्या गोळीसाठी आपण ११५ ते १३५ ही मर्यादा ठरवली. मर्यादेची रुंदी २० झाली. दर वीस मिनिटांनी लागोपाठच्या पाच गोळ्या तोलल्या, तर आठ तासांत चोवीस गट व १२० नोंदी मिळतात. प्रत्येक गटातील सर्वांत जड व सर्वांत हलक्या गोळीतील फरक म्हणजे त्या गटाचा विस्तार. सर्व विस्तारांची सरासरी ४.६५ आली, तर तिला २.३२६ ने भागावे (पाचाच्या गटासाठी हा अंक ठरलेला आहे). उत्तर २ मिलिग्रॅम. हे झाले अल्पकालीन प्रमाण विचलन, म्हणजे यंत्राचा अंगभूत चढउतार. रुंदीला त्याच्या सहापटीने, म्हणजे १२ ने, भागले की सीपी १.६७ येतो. वाहन-उद्योगात सर्वसाधारणपणे किमान १.३३ मागतात. यंत्र उत्तम ठरले!

परंतु दिवसभराची सरासरी १२९ असेल तर? वरच्या मर्यादेपर्यंत सहाच मिलिग्रॅम उरतात. त्यांना विचलनाच्या तिप्पटीने, म्हणजे सहाने, भागले की सीपीके १ येतो. सीपी केवळ पसारा पाहतो. सीपीके मध्य कोठे सरकला तेही पाहतो.

आता गट विसरून १२० गोळ्यांचे एकत्रित प्रमाण विचलन काढा. ते ४ आले असे धरू. त्यावरून पीपी ०.८३ व पीपीके केवळ ०.५ येतो. क्षमता १.६७ असलेल्या यंत्राची ही प्रत्यक्ष कामगिरी. वजनांची विभागणी घंटाकृती असेल, तर शंभरातील सहा-सात गोळ्या १३५ च्या वर जातात. हाच घाणा औषधकोशाच्या चाचणीत मात्र जवळजवळ प्रत्येक वेळी उत्तीर्ण होईल.

दोन आणि चार यांतील हे अंतर कोठून येते, हाच आमच्या मते मुख्य विषय आहे. रोटरी यंत्र वजन मोजत नाही. ते डायची पोकळी भरते. दाण्यांची घनता बदलली की तितक्याच पोकळीत वेगळे वजन बसते. हॉपर रिकामा होत जातो, हादऱ्यांनी बारीक चूर्ण व जाड दाणे वेगळे होतात, जेवणाच्या सुटीनंतर दुसरा कारागीर स्क्रू फिरवतो. पावसाळ्यात दमट हवेत दाणे ओल धरतात. गुग्गुळकल्पांबाबत तर हे सांगावयासच नको. लागोपाठच्या पाच गोळ्यांना यातील काहीच जाणवत नाही, दिवसाला जाणवते. १९२४ मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत वॉल्टर शूहार्ट यांनी नियंत्रण-आलेख मांडला, तो नेहमीचा चढउतार व विशिष्ट कारणाने आलेला बदल वेगळे ओळखण्यासाठीच. म्हणून आधी चोवीस गटांच्या सरासऱ्या आलेखावर मांडाव्यात. आलेख नियंत्रणाबाहेर असताना काढलेल्या सीपीकेला भविष्याविषयी काही सांगण्याचा अधिकार नसतो. सीपी चांगला व पीपीके वाईट असेल, तर नवे यंत्र घेण्याची घाई करू नये. दाणे, हॉपर व मनुष्य यांकडे पाहावे. सीपीच कमी असेल, तर मात्र पंच-डाय व यंत्राची दुरुस्ती हाती घ्यावी.

एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. गोळीचे वजन अचूक असले, तरी तीत वत्सनाभ सारख्या प्रमाणात आहे हे सिद्ध होत नाही. त्यासाठी मर्दन व मिश्रणाची स्वतंत्र परीक्षा हवी, आणि शोधनाच्या दर्जाबाबत तर वजनकाटा काहीच सांगू शकत नाही.

ज्या औषधालयांच्या गोळ्या बाहेरून बनवून येतात, त्यांनी चाचणीच्या दाखल्यासोबत दर वीस मिनिटांच्या नोंदींच्या वहीची प्रत मागावी. शेड्यूल टी २००० मध्ये अधिसूचित झाल्यापासून घाण्यांच्या नोंदी ठेवणे निर्मात्यांच्या अंगवळणी पडले आहे. या वहीने त्यात दोन-चार पानांचीच भर पडेल. एक मिलिग्रॅमपर्यंत वाचणारा वजनकाटा व साधा गणकयंत्र एवढी सामग्री त्यासाठी पुरते.