बॉट लावला की पैसा सुरू? क्रिप्टो बॉटबद्दलचे गैरसमज

क्रिप्टो एक्स्चेंज रात्रंदिवस चालू असतात, माणसाला मात्र झोपावं लागतं. म्हणून आखून दिलेल्या नियमांनुसार आपल्या खात्यात आपोआप खरेदी-विक्री करणारा बॉट अनेकांना हवासा वाटतो. तो वापरण्यात गैर काहीच नाही. पण त्याच्याविषयीच्या चुकीच्या समजुतींपायी कष्टाचा पैसा बुडतो.

गैरसमज १ : बॉट बाजार ओळखतो.
वस्तुस्थिती : बॉट फक्त नियम पाळतो. ग्रिड बॉटचंच पाहा. भावाचा एक पट्टा ठरवून दिला की भाव उतरताना तो टप्प्याटप्प्याने घेतो आणि चढताना विकतो. भाव पट्ट्यात खालीवर होतोय तोवर हे छान चालतं. मे २०२२मध्ये लुना हे नाणं आठवडाभरात सुमारे ८० डॉलरवरून एका सेंटच्याही खाली कोसळलं. अशा घसरणीत ग्रिड बॉट प्रत्येक पायरीवर खरेदी करत जातो आणि पट्टा संपला की हातात उरतात ती कवडीमोल नाणी.

गैरसमज २ : नफा छोटा असला तरी व्यवहार भरपूर झाले की कमाई होतेच.
वस्तुस्थिती : भारतात इथेच हिशेब फसतो. १ जुलै २०२२पासून क्रिप्टोच्या विक्रीवर १ टक्का टीडीएस कापला जातो, तोही नफ्यावर नव्हे, विक्रीच्या पूर्ण रकमेवर. फी आणि नफा-तोटा बाजूला ठेवला, तरी १ लाखाचं भांडवल ५० वेळा फिरल्यावर सुमारे ६०,५०० रुपयेच खेळते राहतात. कापलेली रक्कम विवरणपत्र भरताना करात वळती होते, पण तोवर अडकून पडते.
करही समजून घ्या. नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा होत नाही. एकात २०,००० रुपये मिळाले आणि दुसऱ्यात १८,००० गेले, तर हाती २,००० उरतात. कर मात्र ६,००० भरावा लागतो, उपकर वेगळा.

गैरसमज ३ : बॉटला पैसे काढण्याची परवानगी दिली नाही, म्हणजे खातं सुरक्षित.
वस्तुस्थिती : बॉट एपीआय कीच्या, म्हणजे खातं वापरू देणाऱ्या सांकेतिक किल्लीच्या आधारे व्यवहार करतो. ती चोराच्या हाती लागली, तर तो स्वतःजवळचं टाकाऊ नाणं चढ्या भावाने तुमच्या खात्याला विकू शकतो. डिसेंबर २०२२मध्ये थ्रीकॉमाज या बॉट सेवेच्या ग्राहकांच्या की फुटल्या आणि कंपनीने ते मान्य केलं. पैसे काढण्याची परवानगी बंद ठेवाच. शिवाय की ठरावीक आयपी पत्त्यालाच बांधा आणि वापरात नसलेली की रद्द करा.

गैरसमज ४ : अमुक कंपनीचा बॉट दरमहा हमखास परतावा देतो.
वस्तुस्थिती : हमी दिसली की दूर व्हा. दक्षिण आफ्रिकेतल्या मिरर ट्रेडिंग इंटरनॅशनलने बॉटच्या नावाखाली लोकांकडून २९,०००हून अधिक बिटकॉइन गोळा केले. ते सगळे हडपले गेले, असा ठपका अमेरिकेच्या वायदे व्यवहार आयोगाने ठेवला. याच आयोगाने जानेवारी २०२४मध्ये, एआयमुळे बॉट काही पैशांचं यंत्र बनत नाही, असा इशाराही दिला.

बॉट लावायचाच असेल तर आधी कागद घ्या. प्रत्येक व्यवहारातला अपेक्षित नफा, फी, टीडीएस आणि कर मांडा. किती तोटा सोसवेल ते ठरवून स्टॉप-लॉस, म्हणजे त्या मर्यादेला आपोआप विक्रीची सूचना लावा. हिशेब तोट्यात जात असेल, तर बॉट तोच तोटा जास्त वेगाने करून देईल.